मधल्या पायरीवरचा गोलंदाज

वेगवान गोलंदाज ओळखायचा असेल, तर आधी त्याचे बूट पाहावेत. उजव्या हाताने टाकणाऱ्याच्या उजव्या बुटाचं नाक फाटलेलं असतं. चेंडू सोडताना मागचा पाय जमिनीवरून घासत पुढे येतो आणि दर चेंडूला चामड्याचा एक पापुद्रा घेऊन जातो. कौंडण्यपूरला वर्धा नदीच्या काठी संध्याकाळी पोरांना चेंडू टाकणारा एक माणूस आहे. त्याने तिवस्याच्या बाजारात बूट शिवणाऱ्याकडून त्या नाकावर ट्रकच्या टायरचा तुकडा बसवून घेतला आहे. वय पंचेचाळिशीच्या पुढे. विद्यापीठाकडून खेळला, जिल्ह्याकडून खेळला, नागपुरात क्लबांचं क्रिकेट खेळला, विदर्भाच्या संभाव्य खेळाडूंच्या शिबिरात दोनदा जाऊन आला. रणजीची टोपी काही मिळाली नाही. आता कपाशी आणि तूर पाहतो. मागच्या कार्तिकात यात्रेच्या गर्दीतून बाहेर पडून मी त्याच्याजवळ बसलो होतो. एका पोराने नवा चेंडू मागितला, तेव्हा हा म्हणाला, "नवा बॉल कोनीबी टाकते भाऊ. पुराना झाल्यावर समजते का गोलंदाज कोन आहे."

त्याच्यासारखे आणि त्याच्याहून दोन-चार पायऱ्या वर चढलेले किती जण असतील? गल्लीतल्या खेळाच्या वर आणि भारताच्या संघाच्या खाली जो मोठा मधला पट्टा आहे, त्यात उमेदीची दहा-पंधरा वर्षं घालवणारे हे लोक. आपल्याकडे त्यांना नाव नाही. फलंदाज असेल तर निदान धावांनी लक्षात राहतो. गोलंदाज मात्र दिवसभर राबतो आणि संध्याकाळी धावफलकावर त्याच्या नावापुढे दोन बळी दिसतात. या पट्ट्यातल्या गोलंदाजाला काय मिळतं, त्याचं काय झिजतं आणि तो शेवटी कुठे जाऊन पोचतो, हे विदर्भाच्या, त्यातही वऱ्हाडाच्या बाजूने पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

अमेरिकेत या पट्ट्याला रीतसर शिडी आहे. तिथे बेसबॉलच्या मोठ्या लीगखाली छोट्या लीग असतात. रूकी, मग सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि सर्वांत वर ट्रिपल-ए. २०२१ च्या फेररचनेनंतर रूकीच्या वरच्या चार पायऱ्यांवर मिळून १२० संघ उरले. बेसबॉलचा पिचर म्हणजे आपल्या गोलंदाजाचा चुलतभाऊच. तो १८.४४ मीटरवरून कोपर वाकवून फेकतो, आपला २०.१२ मीटरच्या खेळपट्टीवर हात सरळ ठेवून टाकतो. त्याचा चेंडू दीडशे ग्रॅमच्या आतला, आपला थोडा जड. पिचरचं कोपर जातं, आपल्या वेगवान गोलंदाजाची कंबर जाते. या शिडीवर दहा-दहा वर्षं बसने गावोगाव फिरणारे, आज या संघात तर उद्या त्या संघात असणारे आणि वरच्या लीगमध्ये एकदाही न पोचणारे पिचर तिथे शेकड्यांनी आहेत.

या शिडीवर दोन भारतीय चढून आले आहेत. २००८ साली एका अमेरिकी एजंटाने भारतभर वेगाने चेंडू फेकण्याची स्पर्धा भरवली. त्यातून उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोघे निवडले गेले. दोघेही भालाफेक करणारे, बेसबॉलचा चेंडू त्यांनी आधी हातातही धरलेला नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांना करारबद्ध केलं. दिनेश २०१० मध्ये परत आला. रिंकू शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर काही वर्षं टिकला, कोपराच्या दुखापतीने त्याचे हंगामच्या हंगाम गेले आणि पुढे तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला. त्यांच्यावर २०१४ मध्ये डिस्नेने चित्रपट काढला. चित्रपट पोरं निवडली जाण्याच्या आनंदाचा आहे. मला त्यात रस आहे तो नंतरच्या वर्षांत. रोज सकाळी खांद्याला बर्फ लावून मैदानावर जायचं आणि वरून बोलावणं येत नाही हे समजून घ्यायचं, ही वर्षं कुणी दाखवत नाही.

आता आपल्या घरी येऊ. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी खेळतो. त्याआधी मध्य प्रांत आणि वऱ्हाड या नावाने आपला संघ १९३४-३५ च्या पहिल्याच हंगामापासून स्पर्धेत होता. म्हणजे वय मोठं, पण कपाट रिकामं. साठ वर्षं विदर्भाने एकही अंतिम सामना पाहिला नाही. बाहेरचे संघ नागपूरला यायचे ते गुण वाढवायला. त्या काळात विदर्भाकडून टाकणाऱ्या गोलंदाजाची अवस्था फार वाईट असे. आपल्या फलंदाजांनी दीडशे केलेले, समोरचा संघ दोन दिवस खेळणार, आणि हा चाळीस अंशांत षटकांमागून षटकं टाकणार. दुसऱ्या डावाची वेळ सहसा यायचीच नाही, त्यामुळे बळींची संख्याही फुगायची नाही. प्रीतम गंधे यांच्यासारखा ऑफस्पिनर वर्षानुवर्षं अशा संघाकडून टाकत राहिला. त्यांच्या आकड्यांकडे पाहताना पाठीमागे धावांचा आधार किती होता, हेही मोजायला हवं. ते कुणी मोजलं नाही.

भारताच्या निवड समितीचं लक्ष अशा संघाकडे जाणंही अवघड. नागपूरच्या प्रशांत वैद्यला नव्वदच्या दशकात चार एकदिवसीय सामने मिळाले. विदर्भाचा पहिला कसोटीपटू व्हायला मात्र २०११ उजाडलं. तो उमेश यादव. कोळसा खाणीत काम करणाऱ्या बापाचा मुलगा, विशीपर्यंत टेनिस बॉलवर खेळलेला. २००८ मध्ये विदर्भाकडून पहिला सामना खेळला आणि तीन वर्षांत कसोटीत पोचला. ५७ कसोटींत १७० बळी. त्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तिचा एक तोटाही झाला. वऱ्हाडातल्या प्रत्येक बापाला वाटू लागलं की पोरगं जोरात टाकतं म्हणजे तीन वर्षांत काम होईल. उमेश अपवाद आहे. नियम समजून घ्यायचा तर इतरांकडे पाहावं लागतं.

नियम पाहायला मी आदित्य ठाकरेचं उदाहरण घेतो. हा अकोल्याचा वेगवान गोलंदाज. २०१७ च्या डिसेंबरच्या शेवटी इंदूरला विदर्भ पहिल्यांदा रणजीच्या अंतिम सामन्यात उतरला, समोर दिल्ली होती, आणि त्या सामन्यात या एकोणीस वर्षांच्या पोराने पदार्पण केलं. प्रथम श्रेणीतला पहिलाच सामना आणि तोच अंतिम! त्यानंतर लगेच १९ वर्षांखालील विश्वचषकासाठी भारतीय संघात जखमी खेळाडूच्या जागी त्याला बोलावणं आलं. कागदावर याहून चांगली सुरुवात कुणाला मिळेल? सहा वर्षांनी, २०२४ च्या मार्चमध्ये, विदर्भ वानखेडेवर मुंबईविरुद्ध अंतिम सामना खेळला, तेव्हाही तो संघात होता. विदर्भ १६९ धावांनी हरला. या दोन अंतिम सामन्यांच्या मध्ये काय आहे ते पाहिलं की मधल्या पायरीचं आयुष्य कळतं. संघात येणं, बाहेर जाणं, दुसऱ्याच्या दुखापतीमुळे परत येणं, स्वतःच्या दुखापतीमुळे पुन्हा बाहेर जाणं. अकोल्याच्या मैदानावरून वर आलेला दुसरा गोलंदाज दर्शन नळकांडे. त्याने २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकच्या चार फलंदाजांना लागोपाठच्या चार चेंडूंवर बाद केलं. चार चेंडूंत चार बळी! सामना विदर्भ चार धावांनी हरला. असं काही भारताच्या जर्सीत घडलं असतं, तर आपण वर्षानुवर्षं ते दाखवत बसलो असतो.

त्याच स्पर्धेत, दोन आठवडे आधी, यवतमाळ जिल्ह्यातल्या अक्षय कर्णेवारने मणिपूरविरुद्ध चार षटकं टाकली. चारही निर्धाव, वर दोन बळी. टी-२० मध्ये असं याआधी झालं नव्हतं. अक्षय दोन्ही हातांनी फिरकी टाकतो. डावखुरा फलंदाज आला की पंचांना सांगून हात बदलतो. मला या माणसाचं विशेष कौतुक वाटतं. एका हाताने पोट भरेल याची खात्री नसलेल्या धंद्यात त्याने दुसरा हातही कामाला लावला.

आता पश्चिम विदर्भाला अभिमान वाटावा असं एक निरीक्षण सांगतो. ते मला कुठे फारसं लिहिलेलं आढळलं नाही. विदर्भ तीनदा रणजी जिंकला: २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५. या तिन्ही वेळी बाहेरून आणलेल्या खेळाडूंची खूप चर्चा झाली. वासिम जाफर मुंबईहून आला आणि २०१८-१९ मध्ये त्याने हजाराहून जास्त धावा केल्या. गणेश सतीश कर्नाटकचा. २०२४-२५ मध्ये करुण नायरने ८६३ धावा केल्या, तोही कर्नाटकचा. ध्रुव शोरे दिल्लीचा, आणि योगायोग असा की २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात तो दिल्लीकडून खेळला होता. ही नावं वाचली तर लक्षात येतं, हे सगळे फलंदाज आहेत. अंतिम सामन्यांतले गोलंदाज मात्र घरचे होते. इंदूरच्या त्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानी, आदित्य ठाकरे, सिद्धेश नेरळ, अक्षय वखरे आणि आदित्य सरवटे या पाच जणांनी दिल्लीला दोनदा गुंडाळलं. २०२५ च्या अंतिम सामन्यात नळकांडे, यश ठाकूर, नचिकेत भुते, हर्ष दुबे, पार्थ रेखडे, कर्णेवार. एकही पाहुणा नाही. या अंतिम सामन्यांत विदर्भाला धावा उसन्या आणाव्या लागल्या, बळी उसने आणावे लागले नाहीत. साठ वर्षं हरतानाही इथे गोलंदाज होतेच. त्यांच्या पाठीशी तीनशे-चारशे धावा पहिल्यांदा उभ्या राहिल्या आणि तीच मंडळी विजेती ठरली. म्हणून मला पाहुण्या खेळाडूंविरुद्धची ओरड पटत नाही. स्थानिक फलंदाजाची एक जागा गेली हे खरं, पण पाच स्थानिक गोलंदाजांचं आयुष्य मार्गी लागलं.

गुरबानीचा २०१७-१८ चा तो हंगाम तर सावकाश आठवावा असा आहे. सिव्हिल इंजिनीअरिंग केलेला हा नागपूरचा मध्यमगती गोलंदाज. वेग बेताचा, पण चेंडूची शिवण सरळ ठेवून दोन्ही बाजूंनी हलवण्याची हातोटी. कोलकात्याला उपांत्य सामन्यात कर्नाटकला जिंकायला १९८ हवे होते आणि त्यांच्या हातात अवघे तीन गडी असताना शेवटचा दिवस उजाडला. गुरबानीने त्या डावात सात बळी घेतले, सामन्यात बारा. विदर्भ पाच धावांनी जिंकला. नंतर इंदूरला अंतिम सामन्यात त्याने हॅट्ट्रिक घेतली. रणजीच्या अंतिम सामन्यात याआधी एकदाच हॅट्ट्रिक झाली होती, १९७२-७३ मध्ये, तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमची. हंगामात ३९ बळी. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित आणि गोलंदाजी पाहणारे सुब्रतो बॅनर्जी यांनी या पोरांवर मेहनत घेतली होती, तिचं चीज झालं. पण गुरबानी भारताकडून खेळला नाही. २०२४-२५ मध्ये तो महाराष्ट्राकडून खेळायला गेला.

सरवटेचंही तसंच. २०१८-१९ च्या अंतिम सामन्यात नागपूरला सौराष्ट्रविरुद्ध या डावखुऱ्या फिरकीपटूने अकरा बळी घेतले, फलंदाजीतही ४९ धावांची भर घातली, सामन्याचा मानकरी ठरला. २०२४-२५ च्या हंगामासाठी तो केरळकडे गेला. आणि २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अंतिम सामना झाला कुठे? नागपूरच्या जामठ्यात, विदर्भ विरुद्ध केरळ! जिथे त्याने विदर्भाला करंडक मिळवून दिला होता, तिथे तो आता पाहुण्यांच्या खोलीत बसला होता. पहिल्या डावात त्याने ७९ धावा करून विदर्भाची धाकधूक वाढवली. विदर्भाला ३७ धावांची आघाडी मिळाली आणि तेवढ्यावर करंडक आपल्याकडे आला. केरळच्या त्याच संघात जलज सक्सेना होता. मध्य प्रदेशचा, २०१६ पासून केरळचा, पुढे महाराष्ट्राचा. रणजीत सहा हजार धावा आणि चारशे बळी हे दोन्ही करणारा तो पहिला खेळाडू, आणि भारताकडून एकही सामना नाही.

हे असं संघ बदलणं काही लोकांना निष्ठेचा प्रश्न वाटतो. मला तो रोजीरोटीचा वाटतो. आपल्या संघात हर्ष दुबेसारखा तरुण डावखुरा फिरकीपटू तयार झाला असेल, तर तिशी ओलांडलेल्या सरवटेने काय करावं? हर्षने २०२४-२५ च्या एका हंगामात ६९ बळी घेतले, रणजीच्या इतिहासात सर्वाधिक. त्याच जागेसाठी रांगेत उभं राहायचं की ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन दुसऱ्या राज्यात जायचं? प्रत्येक संघाला बाहेरचे मोजकेच खेळाडू घेता येतात, म्हणून अशी जागा मिळणं हीसुद्धा कर्तबगारीच. बापाची शेती असलेल्या गावातला शेतकरी दुसऱ्याच्या शेतात मक्त्याने राबतो, तेव्हा आपण त्याला बेइमान म्हणत नाही.

पैशाचा हिशेब मांडल्याशिवाय हा आढावा पुरा होणार नाही. २०१८ पर्यंत रणजी सामन्याला अकरामधल्या खेळाडूला दिवसाला दहा हजार रुपये मिळत. ते त्या वर्षी ३५ हजार झाले. २०२१-२२ पासून पायऱ्या आल्या. वीस सामन्यांपर्यंत दिवसाला ४० हजार, एकवीस ते चाळीसपर्यंत ५० हजार, त्यापुढे ६० हजार. राखीव खेळाडूला निम्मे. साखळीचे सात सामने, प्रत्येकी चार दिवस, म्हणजे अठ्ठावीस दिवस. नवा गोलंदाज सातही सामने खेळला तर ११ लाख २० हजार. गावाकडे हा आकडा मोठा आहे, ते मान्य. पण यात तीन 'जर' आहेत. जर निवड झाली, जर अकरात घेतलं, जर पाठ शाबूत राहिली. वेगवान गोलंदाज सहसा सातही सामने खेळत नाही, खेळूही नये. हंगामात चार सामने मिळाले तर चाळीस सामन्यांची पायरी ओलांडायला दहा वर्षं लागतात. तोवर तो बत्तीस-तेहतीस वर्षांचा झालेला असतो. म्हणजे ६० हजारांचा दर लागू व्हायला आणि शरीर थकायला एकच गाठ पडते. वर्षाचा करार, पगार, असं काही बहुतेकांच्या वाट्याला नाही. ज्या दिवशी नाव यादीत नाही, त्या दिवशी कमाई शून्य.

आयपीएल हा वेगळा दरवाजा. यश ठाकूरला २०२३ च्या हंगामासाठी लखनौने ४५ लाखांत घेतलं आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये त्याने गुजरातविरुद्ध ३० धावांत पाच बळी घेतले. नळकांडेही आयपीएलमध्ये खेळला. पण लिलावात नाव पुकारलं जाणारे विदर्भाचे गोलंदाज एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. अकरा जिल्ह्यांतून नागपूरला येणारी पोरं मात्र शेकडो.

अमेरिकेतल्या छोट्या लीगच्या खेळाडूंची गोष्ट इथे पुन्हा आठवते. तिथेही वर्षानुवर्षं तुटपुंजा पगार होता. २०१४ मध्ये काही माजी खेळाडू किमान वेतनासाठी कोर्टात गेले, आठ वर्षांनी १८५ दशलक्ष डॉलरवर तडजोड झाली. २०२२ मध्ये छोट्या लीगचे खेळाडू संघटनेत आले आणि २०२३ च्या करारात सर्वांत खालच्या पायरीचा वार्षिक पगार १९,८०० डॉलर, सर्वांत वरच्या पायरीचा ३५,८०० डॉलर ठरला. त्यांना वर्षाचा पगार ठरवून मिळाला, ही खरी गोष्ट आहे. रकमेपेक्षा ती महत्त्वाची. आपल्याकडे रणजीपटूंची म्हणून बोलणी करणारी, अशा ताकदीची संघटना नाही. ते एकटे-एकटे असतात, आणि एकट्या माणसाला मागायची लाज वाटते.

पूर्वी नोकरी हा आधार होता. रेल्वे, बँका, सरकारी कार्यालयं क्रिकेटपटूंना घ्यायची आणि त्यांचे संघ स्थानिक स्पर्धांत उतरायचे. गोलंदाज सकाळी सही करून मैदानावर जायचा. कसोटीपटू झालेल्या उमेशलाही २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या नागपूर कार्यालयात सहायक व्यवस्थापकाची नोकरी मिळाली. कसोटीपटूला नोकरी मिळते तेव्हा आनंद होतो. पण तिची खरी गरज असते तीस सामने खेळून थांबलेल्याला. अशी भरती आता आटली आहे. महाराष्ट्र सरकारचं खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यातल्या पदक, प्रमाणपत्र आणि पडताळणीच्या वाटेवर गावचं पोरगं सहज हरवतं. आमच्या ओळखीतल्या एकाने एका कागदासाठी वर्षभर चकरा मारल्या आणि वयाची अट उलटली.

शरीराचा हिशेब पैशाहून अवघड. एका डावात तीस षटकं टाकणारा गोलंदाज १८० वेळा धावत येतो. वीस मीटर धावायचं, वीस मीटर परत चालायचं. एका डावात सात किलोमीटरच्या वर चाल होते, आणि त्यात प्रत्येक वेळी पुढचा पाय अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट जोराने जमिनीवर आपटतो. तो धक्का गुडघ्यातून कमरेत जातो. तरुण वेगवान गोलंदाजांच्या मणक्याला बारीक तडा जाण्याचं हे एक मोठं कारण. तडा भरायला महिनोन् महिने लागतात आणि त्या काळात टाकायचं नसतं. नागपूर-बंगळुरूला असलेल्या खेळाडूला फिजिओ असतो, स्कॅन होतो. तिवसा-कुऱ्ह्याच्या पोराला कुणी सांगतं, तेल लाव. ते तेल लावून पुन्हा टाकतं आणि एकोणिसाव्या वर्षी कायमचं थांबतं. माझ्या मते वऱ्हाडाचे सर्वाधिक गोलंदाज निवड समितीने घालवलेले नाहीत. ते अज्ञानाने घालवले आहेत.

मैदानाचाही प्रश्न आहे. आमची काळी माती खेळपट्टीसाठी सोन्यासारखी. चिकणी, रोलर फिरवला की घट्ट बसते, उन्हात भेगाळली की फिरकी घेते. पण गावात टर्फ विकेट कुठे? सिमेंटवर चटई टाकलेली, नाहीतर नदीकाठची उघडी जमीन. चटईवर चेंडू एकसारखा उसळतो, तिथे शिवणीवर टाकायची कला शिकता येत नाही. टेनिस बॉलच्या स्पर्धा भरपूर होतात, बक्षिसंही मोठी असतात, आणि त्यांत गावोगावचे संघ चांगल्या गोलंदाजाला दिवसाच्या हिशेबाने बोलावतात. खरा भटका व्यावसायिक गोलंदाज वऱ्हाडात कुठे असेल, तर तो इथे आहे. शनिवारी दर्यापूर, रविवारी मोर्शी. पण टेनिस बॉलवर यॉर्कर आणि कटर टाकून तयार झालेला हात लेदर बॉलला लावायला वर्ष-दीड वर्ष जातं, आणि तेवढं थांबायला घरचे तयार नसतात. कौंडण्यपूरहून अमरावती चाळीस-एक किलोमीटर, नागपूर त्याच्या तिपटीजवळ. रोज जाणं-येणं शक्य नाही. नागपुरात खोली करायची म्हणजे बापाने एक एकर कमी पेरायचं.

अमरावतीला खेळाची परंपरा नाही असं कुणी म्हणू नये. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी इथल्या चमूने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती, त्यात कबड्डी होती. व्यायामशिक्षक घडवण्याचं काम या शहराने पिढ्यान् पिढ्या केलं. अमरावतीची भारती फुलमाळी २०१९ मध्ये भारताकडून टी-२० खेळली, जितेश शर्मा तर भारताच्या संघापर्यंत पोचला. माणसं आहेत, शिकवणारे आहेत. गोलंदाजाच्या पाठीची आणि पोटाची काळजी घेणारी घडी तेवढी बसलेली नाही.

गल्ली आणि भारताचा संघ यांच्यामधल्या या पट्ट्यातल्या सर्वांत मोठ्या माणसाचं नाव आतापर्यंत घेतलं नाही. पद्माकर शिवलकर. मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज, प्रथम श्रेणीत ५८९ बळी, सरासरी विसाच्या आत. १९७२-७३ च्या अंतिम सामन्यात, ज्यात कल्याणसुंदरमची हॅट्ट्रिक झाली त्याच सामन्यात, चेन्नईला त्यांनी एका डावात १६ धावांत आठ आणि दुसऱ्यात १८ धावांत पाच बळी घेतले. सत्तेचाळिसाव्या वर्षी मुंबईला गरज पडली तेव्हा पुन्हा येऊन टाकलं. भारताकडून एकही कसोटी नाही, कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी होते. हरियाणाचे राजिंदर गोयल, रणजीत ६३७ बळी, त्यांचंही तेच. २०१७ मध्ये बीसीसीआयने या दोघांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. गोयल २०२० मध्ये गेले. शिवलकर ३ मार्च २०२५ ला गेले, विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक उचलला त्याच्या दुसऱ्याच दिवशी.

शिवलकर-गोयल यांच्या पिढीला निदान निवृत्तिवेतन होतं. २०२२ मध्ये बीसीसीआयने ते वाढवलं. प्रथम श्रेणीच्या जुन्या खेळाडूंना १५ हजारांऐवजी ३० हजार आणि वरच्या श्रेणीत साडेबावीस हजारांऐवजी ४५ हजार महिना मिळू लागले. पण ही सोय २००३ च्या आधी निवृत्त झालेल्यांसाठी आहे. म्हणजे वर ज्यांची नावं आली, ज्यांनी विदर्भाला तीन करंडक मिळवून दिले, त्यांच्यातला एकही देशांतर्गत गोलंदाज या रेघेच्या आत येत नाही. दिवसाचं मानधन वाढलं आहे, आता पेन्शन कशाला, असं उत्तर दिलं जातं. हे उत्तर अपुरं आहे. मानधन मोजक्या दिवसांचं असतं. गुडघा मात्र आयुष्यभर दुखतो.

बीसीसीआयने आणि विदर्भ क्रिकेट असोसिएशनने तीन गोष्टी कराव्यात, अशी माझी विनंती आहे. २००३ ची ती रेघ पुसावी आणि पंचवीस प्रथम श्रेणी सामने खेळलेल्या प्रत्येकाला, तो केव्हाही निवृत्त झालेला असो, निवृत्तिवेतन द्यावं. पश्चिम विदर्भाच्या पाचही जिल्ह्यांत निदान एकेक टर्फ मैदान आणि आठवड्यातून दोन दिवस येणारा फिजिओ असावा. आणि थांबलेल्या गोलंदाजांना जिल्ह्याच्या संघांचे गोलंदाजी प्रशिक्षक म्हणून मानधनावर घ्यावं. कौंडण्यपूरच्या नदीकाठी टायरचा तुकडा लावलेले बूट घालून एक जण ते काम आजही फुकट करतो आहे.